एच-१बी व्हिसा, अमेरिकेतला संताप आणि स्थानिकांच्या नोकऱ्या : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत एच-१बीवरून वाद पेटला की पुण्या-ठाण्यातून, नाशिक-नागपुरातून तेच तेच प्रश्न यायला लागतात. मुलगा तिकडे असलेले आई-वडील विचारतात, लॉटरीची वाट बघणारे विचारतात आणि आपल्या एमआयडीसीत मराठी पोरांना काम का मिळत नाही म्हणून चिडलेलेही विचारतात. मी या व्हिसावर न्यूजर्सीत काम केलं आहे, त्यामुळे त्या बाजूची माणसंही माझ्या ओळखीची आहेत. उत्तरं त्या अनुभवाला धरूनच दिली आहेत.

एच-१बी म्हणजे नेमकं काय?

पदवी लागणाऱ्या कामासाठी परदेशी माणसाला अमेरिकेत तात्पुरतं आणायचा व्हिसा. १९९० च्या कायद्याने तो आजच्या रूपात आला आणि वर्षाला ६५,००० ही मर्यादा तेव्हाच ठरली. डॉट-कॉमच्या भरात, २००१ ते २००३ या तीन वर्षांसाठी, ती १,९५,००० पर्यंत नेली होती. नंतर पुन्हा ६५,००० वर आली. अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी २००४ च्या कायद्याने आणखी २०,००० जागा दिल्या. जागांपेक्षा मागणी जास्त झाली की चिठ्ठ्या काढून निवड होते, तीच लॉटरी. विद्यापीठं आणि ना-नफा संशोधन संस्था या मर्यादेबाहेर आहेत. व्हिसा तीन वर्षांचा, वाढवून सहा वर्षांचा. ग्रीन कार्डचा अर्ज ठरावीक टप्प्यापर्यंत गेला असेल तर त्यापुढेही वाढतो. दरवर्षी मंजूर होणाऱ्या अर्जांपैकी सुमारे ७० टक्के भारतीयांचे असतात. म्हणूनच तिकडचा वाद आपल्याकडे घरोघरी पोचतो.

मग तिथल्या लोकांना राग कशाचा आहे? माणसं तर कायदेशीर मार्गानेच जातात.

कायदेशीर मार्गानेच जातात, आणि रागाचं मूळही त्या कायद्यातच आहे.

ऑक्टोबर २०१४ मध्ये फ्लोरिडातल्या ऑरलँडो इथे डिस्नेच्या सुमारे २५० आयटी कर्मचाऱ्यांना सांगण्यात आलं, की तुमची नोकरी जाणार. काम बाहेरच्या कंपनीकडे चाललं होतं आणि तिने आणलेली माणसं बहुतेक भारतातून एच-१बीवर आलेली होती. जाण्याआधी त्यांना आपलं काम शिकवून जायचं होतं. त्यांच्यापैकी एकाने फेब्रुवारी २०१६ मध्ये सिनेटच्या उपसमितीसमोर साक्ष दिली, तेव्हा बोलता बोलता त्याचा गळा दाटून आला. त्याच सुमाराला सदर्न कॅलिफोर्निया एडिसन या वीज कंपनीतल्या सुमारे ४०० आयटी कर्मचाऱ्यांची तीच गत झाली. डिस्नेच्या कर्मचाऱ्यांनी लावलेले दावे न्यायालयाने फेटाळले.

जाणाऱ्याने येणाऱ्याला काम शिकवायचं, याला आयटीत केटी (नॉलेज ट्रान्सफर) म्हणतात. अशा केटीच्या पलीकडच्या खुर्चीत मीही बसले आहे. एका विमा कंपनीत माझ्यासमोर बसलेला माणूस केस पांढरे होईपर्यंत तिथेच कोबोलचे प्रोग्राम सांभाळत आला होता. महिनाअखेरीला रात्रीचा कुठला जॉब हमखास अडकतो, तो अडकला की आधी कुठली फाइल बघायची, कुणाला उठवायचं, हे सगळं त्याने हाताने एका वहीत लिहून ठेवलं होतं. केटी पूर्ण केली तरच त्याला नोकरी जातानाचे पैसे मिळणार होते. त्याने मला एकही पायरी चुकवून सांगितली नाही. जेवणाच्या सुट्टीत तो मुलीच्या कॉलेजच्या फीबद्दल बोलायचा. तो माझ्यावर चिडला असता तरी मला वाईट वाटलं नसतं, पण चिडला नाही. या सगळ्याला मी 'विदेशींचा द्वेष' म्हणायला तयार नाही. त्या माणसावर अन्याय झाला होता आणि तो अन्याय कायद्याच्या चौकटीत बसणारा होता.

नव्या पदवीधरांची तक्रार थोडी वेगळी आहे. शिक्षण संपवून ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच मिळणाऱ्या कामाच्या तात्पुरत्या परवानगीवर, काम करणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याच्या पगारातून बहुतेक वेळा सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा कर कापला जात नाही आणि कंपनीलाही आपला ७.६५ टक्के वाटा भरावा लागत नाही. म्हणजे एकाच वर्गातून पास झालेल्या दोघांपैकी स्थानिक मुलगा कंपनीला महाग पडतो. ही सवलत मुलांनी मागितलेली नाही, करकायद्यातली आहे. पण नोकरी न मिळालेल्या मुलाच्या घरात तिची चर्चा होणारच.

अमेरिकन माणूस मिळाला नाही तरच परदेशी माणूस घेता येतो, असा नियम नाही का?

बहुतेकांना तसं वाटतं, अगदी अमेरिकनांनाही. पण एच-१बीसाठी असा सरसकट नियम नाही. कंपनी श्रम खात्याकडे एक अर्ज भरते : त्या भागात त्या कामाला चालू असलेला पगार देऊ, परिस्थिती स्थानिकांसारखीच ठेवू. खातं सात कामकाजाच्या दिवसांत अर्ज पूर्ण भरला आहे का आणि त्यात उघड चूक आहे का, एवढंच बघतं. आधी जाहिरात द्या, स्थानिक उमेदवार शोधा, ही अट फक्त ज्यांच्याकडे एच-१बीवाल्यांचं प्रमाण फार आहे अशा कंपन्यांना लागू होते. मोठ्या कंपनीत ते १५ टक्क्यांवर पोचलं की ती यात मोडते. आणि तिलाही पळवाट आहे. उमेदवाराला वर्षाला ६०,००० डॉलर पगार दिला किंवा त्याच्याकडे मास्टर्स पदवी असली की अट सुटते. हा ६०,००० चा आकडा १९९८ मध्ये ठरला आणि तेव्हापासून तसाच आहे. इतक्या वर्षांत पगार कुठल्या कुठे गेले. माझ्या मते साऱ्या वादातली सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट हीच, कारण आकडा बदलायला काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, एक दुपार पुरली असती.

जाहिरातीची अट खऱ्या अर्थाने येते ती पुढे, ग्रीन कार्डच्या पायरीवर. तिथेही काय चालतं ते उघड झालं आहे. फेसबुकने ऑक्टोबर २०२१ मध्ये आणि ॲपलने नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकी न्याय खात्याशी तडजोड केली. ॲपलची रक्कम २.५ कोटी डॉलरपर्यंत होती. आरोप असा, की या जागांसाठीची जाहिरात नेहमीच्या वेबसाइटवर दिलीच नाही आणि अर्ज कागदावर, टपालाने मागवले. सगळं जग ऑनलाइन अर्ज करत असताना पाकिटाला तिकीट लावून कोण अर्ज पाठवणार?

पगार खरंच कमी देतात का?

सगळ्या कंपन्या देत नाहीत. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या एच-१बी अर्जांतला मध्यम पगार १,१८,००० डॉलर होता, म्हणजे हे काही वेठबिगार नव्हेत. पण श्रम खात्याने पगाराच्या चार पातळ्या ठरवल्या आहेत आणि खालच्या दोन त्या भागातल्या त्या कामाच्या मध्यम पगाराच्या खाली येतात. इकॉनॉमिक पॉलिसी इन्स्टिट्यूटने २०२० मध्ये दाखवलं, की २०१९ सालच्या ६० टक्के जागा या खालच्या दोन पातळ्यांवर मंजूर झाल्या होत्या. दहा वर्षं अनुभवाच्या माणसाला कागदावर 'लेव्हल वन', म्हणजे सगळ्यात खालच्या पातळीचा, दाखवणं सोपं असतं. कायद्याने शक्य असलेला स्वस्त पर्याय कंपन्या निवडणारच. दोष तो पर्याय खुला ठेवणाऱ्यांचा.

म्हणजे भारतीय इंजिनिअर अमेरिकनांच्या नोकऱ्या खातात, हे खरं?

एका शब्दात उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, मग तो कुठल्याही बाजूचा असो. पेरी, शिह आणि स्पार्बर या अर्थतज्ज्ञांनी १९९० ते २०१० या काळातल्या अमेरिकी शहरांचा अभ्यास केला. जिथे परदेशी विज्ञान-तंत्रज्ञान कर्मचारी वाढले, तिथे पदवीधर स्थानिकांचे पगारही वाढलेले त्यांना दिसले. बाउंड, खन्ना आणि मोरालेस यांना मात्र असं आढळलं, की बाहेरची माणसं आली नसती तर २००१ मध्ये अमेरिकेतल्या संगणक क्षेत्रातल्या लोकांचे पगार २.६ ते ५.१ टक्क्यांनी जास्त असते. ग्राहकांचा आणि कंपन्यांचा मात्र यातून फायदा झाला. डोरन, गेल्बर आणि आयझेन यांनी लॉटरीत व्हिसा लागलेल्या आणि हुकलेल्या कंपन्यांची तुलना केली. व्हिसा लागलेल्यांनी इतर माणसं कमी घेतली आणि नफा वाढवला, असा त्यांचा निष्कर्ष.

यातून मला दिसतं ते असं : देशाचा एकूण फायदा झाला, पण त्याच कामातल्या स्थानिक माणसाला काही प्रमाणात झळ बसली. ज्याची नोकरी गेली त्याला देशाच्या सरासरीचा आकडा दाखवून काय उपयोग?

लॉटरीत घोटाळा होतो का?

झाला, आणि तो आकड्यांत दिसला. मार्च २०२३ च्या फेरीत सुमारे ७.५९ लाख ग्राह्य नोंदण्या आल्या. त्यांतल्या चार लाखांहून जास्त एकापेक्षा अधिक नोंदण्या असलेल्या उमेदवारांच्या होत्या. एकाच मुलाचं नाव चार-पाच छोट्या कन्सल्टन्सी (माणसं पुरवणाऱ्या कंपन्या) टाकायच्या, म्हणजे चिठ्ठी निघण्याची शक्यता तेवढ्या पट. नोंदणीला तेव्हा फक्त १० डॉलर लागायचे. २०२४ पासून चिठ्ठी अर्जाऐवजी माणसाच्या नावाने निघू लागली आणि नोंदण्या ४.७ लाखांवर आल्या, पुढच्या वर्षी ३.४४ लाखांवर. यात प्रामाणिकपणे एकच अर्ज केलेली आपलीच मुलं मागे पडत होती, हे लोक विसरतात. तेव्हा त्या कन्सल्टन्सींची बाजू घेण्याचं आपल्याला काही कारण नाही.

एच-१बीवरचा माणूस कमी पगार, जास्त तास का सोसतो? नोकरी का बदलत नाही?

कारण व्हिसा कंपनीच्या नावाशी बांधलेला असतो. बदल करता येतो, ट्रान्सफर म्हणतात त्याला, पण त्यासाठी दुसऱ्या कंपनीने अर्ज करावा लागतो आणि ग्रीन कार्डची प्रक्रिया अर्धवट असेल तर बरंच काही पुन्हा पहिल्यापासून. नोकरीवर आधारलेली ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १,४०,०००, आणि कुठल्याही एका देशाला त्यांतली ७ टक्क्यांच्या आसपासच. आइसलँडला जेवढी मर्यादा तेवढीच भारताला. २०२५ च्या मध्याला ईबी-२ या उच्च पदवीधारकांच्या वर्गातली भारतीयांची रांग १ जानेवारी २०१३ च्या तारखेवर उभी होती. बारा वर्षांपूर्वी अर्ज केलेल्यांचा नंबर तेव्हा लागत होता.

इतकी वर्षं मॅनेजरला 'नाही' म्हणण्याआधी माणूस घराचा हप्ता, मुलांची शाळा, व्हिसाची तारीख सगळं मोजतो. शनिवारी लॉगिन करायला सांगितलं की करतो. आणि त्याच्या शेजारी बसलेल्या अमेरिकन माणसालाही मग शनिवारी काम करावं लागतं. माझं ठाम मत आहे, की या दोघांचं दुखणं एकच आहे. परदेशी माणसाला नोकरी सोडायचं खरं स्वातंत्र्य द्या, त्याला स्वस्तात राबवता येणार नाही आणि स्थानिकाला त्याच्या जागी बदलण्याचा मोहही उरणार नाही. तिथल्या अनेक कामगार संघटना आणि इथून गेलेले कित्येक जण हेच सांगतात. ऐकलं जातं ते मात्र टोकाच्या दोन आवाजांचं.

एच-४ वरच्या बायकांच्या नोकरीविरुद्ध खटला होता म्हणे?

हो. एच-४ म्हणजे एच-१बीधारकाच्या कुटुंबीयांचा व्हिसा. ग्रीन कार्डच्या रांगेतल्या एच-१बीधारकाच्या जोडीदाराला २०१५ पासून काम करायची परवानगी आहे. त्याविरुद्ध 'सेव्ह जॉब्ज यूएसए' नावाचा गट न्यायालयात गेला. हा गट म्हणजे सदर्न कॅलिफोर्निया एडिसनमधून काढले गेलेले आयटी कर्मचारी. अपील न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये त्यांचं म्हणणं फेटाळलं आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला. मला दोन्ही बाजूंबद्दल वाईट वाटतं. कंपनीने फसवलेला माणूस अखेर लढला कुणाशी, तर शिकूनसवरून वर्षानुवर्षं घरात बसलेल्या बाईशी. ज्यांनी निर्णय घेतला ते या खटल्यात कुठेच नव्हते.

१ लाख डॉलरची फी कुणाला लागते?

१९ सप्टेंबर २०२५ ला राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी घोषणापत्र काढलं : २१ सप्टेंबरपासून येणाऱ्या नव्या एच-१बी अर्जासोबत १,००,००० डॉलर. मुदत १२ महिने, वाढवता येईल अशी. पहिला दीड दिवस कुणालाच काही कळेना. सर्वपित्री अमावास्येला, नवरात्राला घरी आलेली मुलं मिळेल त्या विमानाने परत निघाली आणि परतीच्या तिकिटांचे भाव भडकले. मग खुलासा आला, की फी एकदाच आहे, फक्त नव्या अर्जांना आहे, आधीच्या व्हिसाधारकांना नाही. २० ऑक्टोबरच्या सूचनांनुसार अमेरिकेतच राहून विद्यार्थी व्हिसावरून एच-१बीवर जाणाऱ्यांना, मुदतवाढ मागणाऱ्यांना किंवा कंपनी बदलणाऱ्यांनाही ती नाही. म्हणजे तिचा मुख्य फटका भारतात बसून अर्ज होणाऱ्यांना. फीला न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे, तेव्हा अर्ज करायच्या दिवशीची स्थिती वकिलाकडूनच समजून घ्या; कॉलनीतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून नको.

दुसरा बदल माझ्या मते जास्त टिकाऊ आहे. डिसेंबर २०२५ च्या नियमाने लॉटरीत पगाराच्या पातळीनुसार वजन आलं : लेव्हल फोरला चार चिठ्ठ्या, लेव्हल वनला एकच. फेब्रुवारी २०२६ च्या अखेरीपासून तो लागू झाला. स्वस्त माणूस आणण्याचा मार्ग यामुळे अरुंद होतो, हे चांगलं आहे. नुकता पास झालेला हुशार मुलगाही त्यात भरडला जातो, हे वाईट.

अशी फी लावल्याने नोकऱ्या अमेरिकनांना मिळतील?

काही मिळतील. पण संशोधक ब्रिटा ग्लेनन यांच्या अभ्यासात असं दिसतं, की व्हिसा अडवला की मोठ्या कंपन्या तेच काम कॅनडा, भारत आणि चीनमधल्या आपल्या शाखांमध्ये हलवतात. हिंजवडी, खराडी, बाणेर इथे परदेशी कंपन्यांची जी केंद्रं उभी राहत आहेत, त्यांच्या वाढीला हेही एक कारण आहे. आपल्याला ते बरंच आहे. ओहायोतल्या बेकार प्रोग्रामरला मात्र काम पुण्याला गेलं काय आणि पुण्याचा माणूस ओहायोत आला काय, सारखंच.

हा सगळा राग म्हणजे वर्णद्वेषच नाही का?

सगळा नाही, पण आहे तो भाग खरा आहे आणि त्याच्याकडे काणाडोळा करता येणार नाही. १९८७ मध्ये जर्सी सिटीत 'डॉटबस्टर्स' म्हणवणाऱ्या टोळक्याने टिकली लावणाऱ्या बायकांना, भारतीय घरांना लक्ष्य केलं होतं. तेव्हा एच-१बी अस्तित्वातही नव्हता. फेब्रुवारी २०१७ मध्ये कॅन्ससमधल्या ओलाथे इथे दोन भारतीय इंजिनिअर काम संपवून बारमध्ये बसले होते. 'माझ्या देशातून चालते व्हा' असं ओरडत एकाने गोळ्या झाडल्या. एक इंजिनिअर मारला गेला. हल्लेखोराला अडवायला धावलेला अमेरिकन माणूसही जखमी झाला, तेही लक्षात ठेवलं पाहिजे. ६०,००० डॉलरच्या पळवाटेवर चिडणारा आणि देवळाच्या भिंतीवर घाण लिहिणारा, या दोघांना एका मापाने मोजलं तर पहिल्याचं म्हणणं कुणी ऐकत नाही आणि दुसऱ्याला साथीदार मिळतात.

महाराष्ट्रात ८० टक्के नोकऱ्या भूमिपुत्रांना मागायच्या आणि अमेरिकनांनी तेच मागितलं की रडायचं, हे दुटप्पीपणाचं नाही?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो आणि तो टाळू नये असं वाटतं. हो, जो माणूस सकाळी चाकणच्या कारखान्यात परप्रांतीय का घेतले म्हणून भांडतो आणि संध्याकाळी मुलाच्या एच-१बीसाठी नवस बोलतो, त्याने एकदा तरी स्वतःला हे विचारावं.

कायद्यात मात्र मोठा फरक आहे. बिहारमधून पुण्यात आलेला माणूस भारताचा नागरिक आहे. देशात कुठेही फिरायचा, राहायचा, व्यवसाय करायचा हक्क त्याला घटनेच्या कलम १९ ने दिला आहे. मराठी माणसाला अमेरिकेत तसा हक्क नाही. तिथे कुणाला येऊ द्यायचं हे ठरवायचा अधिकार त्या देशाचाच. म्हणून हरियाणाचा ७५ टक्के आरक्षणाचा कायदा पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये रद्द केला आणि कर्नाटकने जुलै २०२४ मध्ये तसंच विधेयक आणून विरोध होताच थांबवलं. महाराष्ट्रात ८० टक्क्यांचं धोरण अनेक दशकं शासन निर्णयांत आहे, उद्योगांना मिळणाऱ्या सवलतींशी जोडलेलं.

कारण मात्र दोन्हीकडे एकच. जमीन दिलेल्या गावातला मुलगा गेटवर उभा राहतो आणि ठेकेदार त्याला परत पाठवतो, कारण बाहेरून आणलेला मजूर कंपनीच्याच खोल्यांत राहतो, बारा तास काम करतो, युनियन करत नाही, सणाला सुट्टी मागत नाही. तो गुणाने सरस असतो असं नाही, त्याला 'नाही' म्हणता येत नाही. त्याला किमान वेतन, पीएफ, ओव्हरटाइम नीट मिळायला लागला तर ठेकेदाराला लांबून माणूस आणण्यात फायदा उरणार नाही. रेल्वेच्या परीक्षेला आलेल्या परप्रांतीय पोराला कल्याण स्टेशनवर मारून ठेकेदाराचा एक रुपया कमी झाला नाही.

मग मुलांनी अमेरिकेचं स्वप्न सोडावं का?

नाही. पण कर्जाचा हिशेब करताना एच-१बी लागेलच असं धरू नका. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीला ओपीटीची तीन वर्षं मिळू शकतात. तेवढ्या काळात कर्जाचा मोठा भाग फिटेल का, हे बघा. कॉलेजचं नाव, शहर आणि पहिल्या नोकरीचा पगार आता लॉटरीच्या शक्यतेशीही जोडला गेला आहे. आणि कुणी कन्सल्टन्सी 'फाइल करतो, पैसे भर' म्हणाली, अनुभवाची खोटी वर्षं बायोडेटात घालू म्हणाली, तर तिथूनच मागे फिरा. अर्जाची फी मालकाने भरायची असते. काम नसताना बिनपगारी बेंचवर बसवणंही बेकायदा आहे आणि त्याची तक्रार श्रम खात्याच्या वेज अँड अवर विभागाकडे करता येते.

तिकडे नोकरी गेली तर पहिल्या आठवड्यात काय करायचं?

जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. आय-९४ ची (अमेरिकेत राहायच्या परवानगीच्या नोंदीची) तारीख त्याआधी संपत असेल तर तेवढेच. दिवस साधारणपणे नोकरी संपल्याच्या तारखेपासून मोजतात, म्हणून ती तारीख लेखी मागून घ्या. पगाराच्या सगळ्या स्लिपा, आय-७९७ (अर्ज मंजुरीची सूचना), आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज) ची प्रत ऑफिसचा लॅपटॉप परत करण्याआधी स्वतःकडे ठेवा. ६० दिवसांत नव्या कंपनीचा ट्रान्सफर अर्ज दाखल झाला की साधारणपणे मंजुरीची वाट न बघता कामाला लागता येतं. ते जमत नसेल तर मुदतीच्या आत व्हिसाचा प्रकार बदलायचा अर्ज करा. जोडीदार एच-१बीवर असेल तर एच-४. कंपनीने मुदतीआधी काढलं असेल तर मायदेशी परतायचा तुमचा वाजवी प्रवासखर्च कायद्याने तिच्याकडे लागतो. बहुतेक जण तो मागतच नाहीत. मागा.